खाडीकडे तोंड करून शंभर

लपंडाव सगळीकडेच खेळतात, पण आमच्या गावात तो वेगळ्या पद्धतीने खेळायचे. ती पद्धत कशासाठी होती, हे मला गेल्या भाऊबीजेला कळलं. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी.

माझं माहेर धरमतर खाडीच्या काठी. गावापुढे भातशेती, शेतीपुढे मातीचा उंच बांध आणि बांधापलीकडे खाडी. शेतजमीन खोलात आहे. भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा वर असतं. बांध आहे म्हणून शेत आहे. कापणी होऊन पेंढा रचला गेला की ती सगळी सपाट जमीन आम्हा मुलांची व्हायची. लपायला फारसं काही नसे. पेंढ्याच्या चार-दोन उडव्या आणि शेतांचे गुडघाभर उंचीचे बांध, बस. त्यामुळे लपणाऱ्याने बांधाआड पालथं पडून राहायचं. कोणी नावाने हाक मारली, आईने बोलावलंय म्हणून सांगितलं, खाऊ आणलाय म्हणून सांगितलं, तरी हलायचं नाही. बाहेर काढायला पोरं वाटेल ते बोलत.

राज्य ज्याच्यावर असेल त्याने मोठ्या बांधावर चढून, खाडीकडे तोंड करून शंभर मोजायचे. डोळे झाकायचे नाहीत, उलट पाण्याकडे बघत मोजायचं. बांधाला खाडीच्या अंगाने दगडांचे थर लावलेले होते. पाणी तिसऱ्या थराला लागलं की राज्य असणाऱ्याने ‘भरती!’ म्हणून ओरडायचं आणि खेळ तिथल्या तिथे मोडायचा. सगळ्यांनी गावाकडे पळत सुटायचं. उधाणात बांध कुठे फुटेल याचा नेम नसतो, म्हणून शेतात मुलं असताना पाण्यावर कोणाची तरी नजर हवी. मोठ्या माणसांनी ती नजर आमच्या खेळातच बसवून दिली होती. पाठ शेताकडे असल्यामुळे लपणारे दिसत नसत आणि तोंड खाडीकडे असल्यामुळे पाणी दिसत असे. ‘भरती’ हा शब्द मात्र कोणी खोटा वापरला नाही. इतर सगळ्या बाबतीत आम्ही खोटं बोलायचो.

लग्नानंतर मी रोह्याला आले. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, मी घर बघते आणि आठवी-नववीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. एकच मुलगी, बारा वर्षांची. तिच्या आणि माझ्या भांडणाचं कारण बहुतेक घरांत असतं तेच, मोबाइल. मी म्हणायची, आम्ही तुझ्या वयाचे होतो तेव्हा दिवेलागणीशिवाय घरात पाय ठेवत नव्हतो. ती मान वर न करता म्हणायची, “आई, तुझ्या लहानपणी मोबाइल नव्हता हे तू इतक्यांदा सांगतेस ना, की मला तुझी दया यायला लागलीय.”

एकदा मी तिला त्या लपंडावाबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही चिखलात झोपून राहायचात? आणि याला खेळ म्हणायचात?”

“तू एकदा खेळून बघ.”

“चल ने मग. नुसतं बोलतेस.”

म्हणून भाऊबीजेला आम्ही दोघी गेलो. नवऱ्याची शिफ्ट होती. एसटीने वडखळ नाक्यावर उतरलो, तिथून भाऊ मोटारसायकलवरून घेऊन गेला. भाऊ माझ्याहून मोठा. काही वर्षांपूर्वी वरच्या अंगाला, जिथे बांध वळतो तिथे, उधाणात बांधाला खांड गेली. म्हणजे बांध फुटून मोठं भगदाड पडलं. ते पुरतं बुजलंच नाही. खारं पाणी शेतात येत राहिलं, भात गेलं आणि त्या जागी खारफुटीची तिवरं उभी राहिली. आता भाऊ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला जातो. हे सगळं मला माहीत होतं. भावाने फोनवर सांगितलं होतं, नंतर भरपाईच्या गोष्टी झाल्या होत्या, आईचं रडणं मी ऐकलं होतं. मला ती नुकसानीची बातमी म्हणून माहीत होती. त्या बातमीचा आमच्या खेळाशी काही संबंध असेल, हे डोक्यात आलंच नाही.

सकाळी ओवाळणं उरकलं. भाऊ ओटीवर चहा पीत होता.

“दादा, हिला जरा बांधावर नेते. लपंडाव दाखवायचाय.”

“तिकडं काय उरलंय गो आता? तिवरं नि डास.”

“तेवढंच बघून येतो.”

“पानी बघून जा. आज बीज हाय, उधाण आसंल.”

“मला शिकवतोस व्हय? बीज म्हणजे दोन. दोनाची पाऊणपट दीड. दीडला पुरी भरती. आम्ही अकराच्या आत घरात.”

तो वहिनीकडे बघून हसला. “बघ, रोह्याला जाऊन बाय हिशोब नाय विसरली.”

वहिनी आतून म्हणाली, “वन्सं, हिशोब ऱ्हाऊ द्या, पोरीच्या पायात चपला घाला. कालवांची टरफलं लागतील.”

तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे लहान मुलालाही येतं. माझं गणित चुकलं नव्हतं. भावाने पाणी बघून जा म्हटलं तेव्हा त्याच्या मनात वरच्या अंगाची खांड होती. मी पाणी बघते म्हटलं तेव्हा माझ्या मनात दगडांचा तिसरा थर होता. आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं दोघांनाही वाटलं.

साडेनवाच्या सुमारास आम्ही बांधावर पोहोचलो. शेतं ओळखू येत नव्हती. जिथे आमचं भात उभं असायचं तिथे माझ्या डोक्यावरून जाणारी तिवरं होती आणि मधूनमधून मोकळा चिखल. बांध घालायला वर्षानुवर्षं पायथ्याची माती काढलेली असते, त्यामुळे बांधाच्या आतल्या कडेला लांबच लांब चर आहे. आम्ही लहान होतो तेव्हाही तो होता. तो उतरून पार केला तेव्हा घोट्याएवढंसुद्धा पाणी नव्हतं. मुलीने नाक मुरडलं, पण तिला मजा येत होती. चिखलातून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत पळाल्या तेव्हा ती किंचाळून हसली.

मी तिला नियम सांगितले. खाडीकडे तोंड, शंभर आकडे, काहीही ऐकू आलं तरी बाहेर यायचं नाही. तिचा मोबाइल काढून माझ्या पर्समध्ये ठेवला. “खेळात मोबाइल नाही,” मी म्हटलं. ‘भरती’चा नियम मी सांगितला नाही. लपवला असं नाही. आम्हाला तो कधी कोणी सांगितलाच नव्हता, चालायला शिकतो तसा आलेला होता. सांगायच्या नियमांत तो माझ्याकडे नव्हताच.

पहिलं राज्य तिच्यावर आलं. मी एका तिवराआड बसले आणि तिने मला लगेच धरलं. “आई, तुझी ओढणी अख्ख्या पेण तालुक्याला दिसतेय.” मग राज्य माझ्यावर. ती चर ओलांडून आत पळाली. मी बांधावर चढले, खाडीकडे तोंड केलं आणि मोठ्याने मोजायला लागले.

समोर एक बार्ज धक्क्याकडे चालली होती. ऊन चांगलं होतं. पाणी चढत होतं, पण अजून पहिल्या थराच्या खालीच होतं. तिसऱ्याला लागायला बराच वेळ होता. मला खूप बरं वाटत होतं. आपण पोरीला काहीतरी दिलं असं वाटत होतं. मी सावकाश मोजलं. मध्ये आकडा विसरल्याचं नाटक करून पुन्हा सत्तरपासून सुरू केलं, तिला हसू यावं म्हणून. शंभर झाल्यावरही मी लगेच वळले नाही. बार्ज वळणाआड जाईपर्यंत बघत उभी राहिले.

वळले तेव्हा चर भरलेला होता.

प्रथम मला ते पाणी आहे हेच कळेना. चिखल चमकतोय असं वाटलं. मग त्यावरून वाळलेली पानं एका बाजूला सरकताना दिसली. ती रेंगाळत नव्हती, चांगली वेगात चालली होती. पाणी वरच्या अंगाकडून, खांडीतून येत होतं आणि बांधाच्या कडेकडेने, सगळ्यात खोल जागेतून धावत होतं. चराच्या पलीकडे तिवरांच्या बुंध्यांमध्येही ते शिरलेलं होतं. आवाज काहीच नव्हता. खाडीकडे पाणी पहिल्या थराला टेकलंही नव्हतं आणि आत शेत भरत होतं.

मी तिला नावाने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. “खेळ संपला, बाहेर ये!” म्हणून ओरडले. एक बगळा उडाला, तेवढंच. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, “भरती! भरती आली, भरती!” मी आयुष्यात तो शब्द इतक्या जोरात ओरडले नव्हते. आमच्यापैकी कोणीही असतं तर उठून पळालं असतं. तिवरांतून काही हललं नाही.

ती पडली असेल, चिखलात रुतली असेल, असं वाटायला लागलं. मी बांध उतरून चरात पाय घातला. पाणी मांडीपर्यंत आलं आणि दुसरं पाऊल टाकताच खालची माती सरकली. मी बांधाचं गवत धरून मागे आले. मला पोहता येत नाही. खाडीकाठच्या किती बायकांना येतं? मुलीलाही येत नाही. रोह्याला तिला पोहायला घालायचं दर मेमध्ये ठरायचं आणि राहून जायचं.

भावाला फोन लावला. मी काय बोलले ते आठवत नाही. तो म्हणाला, “तू उतरू नको. बाय, ऐक, तू पान्यात उतरू नको. बांधावर ऱ्हा. तिला हाक मारत ऱ्हा. ती बोलली की तिला झाडाला धरून थांबायला सांग, चालायचं नाय. मी होडी घेऊन येतो.”

“ती बोलतच नाही रे.”

“लपलीय ना ती? मंग बोलंल कशी?”

फोन बंद झाला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ती मला ऐकत होती. मी जे जे ओरडत होते ते सगळं तिला बाहेर काढायची युक्ती वाटत होतं, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं. मी जितकी जीव तोडून ओरडणार तितकी ती दबून बसणार होती. पर्समध्ये तिचा मोबाइल होता. तो तिच्या हातात असता तर एका फोनचं काम होतं.

तिच्या शाळेत पोरं खेळताना काय म्हणतात, ते मी आठवायला लागले. चाळीच्या अंगणात ती लहान असताना लपायची आणि सापडली नाही की बाकीच्या पोरी एक वाक्य म्हणायच्या. मी आवाज शक्य तेवढा साधा केला. मग ओरडले, “मी हरले गं! तू जिंकलीस. ये बाहेर!”

ती हसली. मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पलीकडून, उजव्या हाताने. “हरलीस ना? मी कधीची पाण्यात उभी आहे! चप्पल गेली माझी!”

मग ती दिसली. पाणी तिच्या कमरेच्या वर होतं आणि ती हात वर धरून, हसत माझ्याकडे चालत निघाली होती. ती आणि मी, मध्ये तो चर. थोड्या वेळापूर्वीच तिने तो चालत ओलांडला होता. तिच्या दृष्टीने तिथे अजून घोटाभर चिखलच होता.

“थांब! तिथेच थांब. पुढे पाऊल टाकू नको.”

“का? आता काय?”

“समोर खोल आहे. झाड धर.”

“आई, फसवू नकोस हं. मी जिंकलेय.”

“तू जिंकलीस. शपथ, तू जिंकलीस. झाड धर. दोन्ही हातांनी धर.”

ती थांबली. माझं तोंड बघून थांबली असावी. तेवढ्यात तिच्या बाजूने एक ओंडका वाहत आला आणि चरात शिरताच गर्रकन फिरून निघून गेला. तो तिने पाहिला. तिचं हसणं गेलं. तिने जवळचं तिवर कवटाळलं, एक पाय खालच्या फांदीवर ठेवला. फांदी वाकली. तिने दुसरी धरली. मी तिला कुठे पाय ठेव, कुठे हात ठेव ते सांगत होते आणि ती तसं करत होती. मग ती म्हणाली, “आई, मामा येतोय ना?” मी म्हटलं, येतोय. “किती वेळ?” आयुष्यभर मला कोणी किती विचारलं की मी आकडा सांगत आलेय. तेव्हा मला काही सांगता येईना. मी म्हटलं, “आत्ता येतो.” पाणी तिच्या पायाखालच्या फांदीला लागलं होतं. मी त्याच्याकडे बघत नव्हते, तिच्याकडेच बघत होते. नजर हलवली तर ती सुटेल असं वाटत होतं.

भाऊ आणि शेजारचा एक जण होडी घेऊन गावाच्या बाजूने, शेतांवरून आले. जिथे आम्ही सकाळी चालत आलो तिथून होडी येताना बघणं विचित्र होतं. भाऊ लांबूनच बोलत होता, “सोडू नको गो पोरी. मामा आला. आंब्याच्या झाडावर चढतेस ना तशी बस. चिंबोऱ्या पायाला धरतील हां, हलू नको.” ती रडता रडता हसली. त्याने काठी रोवून होडी झाडाला लावली आणि तिला बगलेत धरून आत ओढली. मग त्यांनी मला घेतलं. होडीत बसल्यावर मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेले, तर माझ्या मुठीत बांधावरचं गवत तसंच होतं, उपटलेलं.

घरी वहिनीने तिला गरम पाणी दिलं, कोरडे कपडे घातले आणि मग माझ्याकडे वळली. “वन्सं, गावातली पोरं मोबाइल घेऊन घरात बसतात म्हनून तुमी मला दर फोनला ऐकवता. त्यांना कुठं पाठवू? तिकडं? खांड गेल्यापासून आमी एक पोर त्या बाजूला जाऊ देत नाय.” भाऊ म्हणाला, “ऱ्हाऊ दे गो आता.” तो कोपऱ्यात बसून होडीच्या काठीचं तळहातात घुसलेलं कुसळ काढत होता आणि त्याला ते पकडता येत नव्हतं. वर्षभर मूर्तींचे डोळे आखणारा माणूस आहे तो.

मुलगी जेवली नाही. मला म्हणाली, “तू भरती भरती म्हणून ओरडलीस ते मी ऐकलं होतं. मला वाटलं, काय भारी ॲक्टिंग करतेय आई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटीला, मी भावाला घेऊन पुन्हा तिथे गेले. का गेले ते सांगता येत नाही. घरी बसवेना. जमीन आदल्या सकाळसारखीच होती, चर कोरडा, निवट्या उड्या मारताहेत. ती लपली होती ती जागा सापडली, कारण तिची चप्पल तिथे चिखलात उभी रुतलेली होती. त्या झाडाच्या पानांवर गाळाची राखाडी रेघ होती. भरती उतरली की पानांवर गाळ राहतो, जिथपर्यंत पाणी चढलं तिथपर्यंत. रेघेच्या वर पानं हिरवी होती. मी झाडाला लागून उभी राहिले. रेघ माझ्या हनुवटीशी आली. मुलगी माझ्या खांद्याला लागते.

“चल,” भाऊ म्हणाला, “आता काय बघायचंय?”

मी चप्पल उपटून घेतली आणि निघाले.

संध्याकाळी रोह्याला पोहोचलो. भावाचा फोन आधीच आला होता, तरी नवरा दारातच उभा होता. त्याने मुलीला जवळ घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग मला विचारलं, “नक्की किती होतं गं पाणी?”

तो मला असंच विचारतो. नक्की किती. सिलिंडर किती दिवस गेला, पोरीचा ताप किती होता, मी सांगेन तो आकडा तो धरून चालतो. मी वाकले आणि हात गुडघ्याच्या थोडा वर धरला.

“एवढंच?” तो म्हणाला आणि त्याने श्वास सोडला.

मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. मग तिने पायातल्या चपला काढल्या, दोन्ही भिंतीशी नीट लावल्या आणि आत गेली.